जोडातला जोर

मास्तर कुठल्या शाळेत शिकवत नव्हते. पण गाडीत काय बिघडलंय एवढं कुणी विचारलं की ते उत्तर द्यायच्या आधी खडू शोधायचे, फरशीवर इंजिन काढायचे, त्याला बाण जोडायचे, आणि गिऱ्हाइकाला पुरतं पटल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत. त्यावरून पडलेलं नाव. ‘साधं पंक्चर असलं तरी या माणसाला फळा लागतो,’ असं त्यांची बायको म्हणायची. त्यात अर्धी कुरकुर असायची आणि अर्धा अभिमान.

नऊ महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगाची उजवी बाजू गेली. पाय परत आला, बोलणं परत आलं. उजवा हात मात्र परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा मांडीवर बसून राहिला. चमचा कसाबसा धरवायचा, भरलेला पेला सुटायचा. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला होता. गॅरेजचं शटर तेव्हापासून खाली होतं. मास्तर रोज सकाळी त्याच्यासमोर खुर्ची टाकून चेंडू दाबत बसायचे, आणि येणारा-जाणारा विचारायचा, कधी उघडताय?

‘एक गाडी घ्या,’ बायको शेवटी म्हणाली. ‘एकच. नाही जमली तर मग मागे भुणभुण नको. जागा सोडून देऊ, आणि तुम्ही घरात बसून मला शिकवा काय शिकवायचं ते.’

त्याच आठवड्यात, मंगळवारी, ही गाडी आली.

दुसऱ्या गाडीला दोर बांधून ओढत आणली होती. बाटलीसारखा हिरवा रंग, गोल पाठ, चार दारं, पुढच्या दिव्यांवर भुवयांसारखे वाकवलेले पत्रे. पन्नास वर्षांची तरी असेल. स्टीअरिंगवर एक उंच, सडपातळ बाई बसली होती. सत्तरी ओलांडलेली, पाठ ताठ, नखं मुळापर्यंत कापलेली. मास्तरांनी ओळखलं. गावात तिला ओळखत नाही असा माणूस नव्हता. चाळीस वर्षं घरोघरी जाऊन बाळंतपणं केलेली नर्सबाई.

‘चौदा वर्षं उभी आहे,’ बाई म्हणाल्या. ‘महिनाअखेर घर सोडून बहिणीकडे राहायला जातेय. गाडी ओढून न्यायची नाही. चालवत न्यायची.’

मास्तरांनी दुपारपर्यंत डाव्या हाताने टाकी साफ केली, प्लग पुसले, नवं पेट्रोल घातलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं. पाच-सहा श्वास घेतले आणि घुसमटून बंद पडलं. त्यांनी मागच्या नळीच्या तोंडावर तळहात धरून बाईंना पुन्हा सुरू करायला सांगितलं. हाताला वाऱ्याची झुळूकही लागली नाही.

‘धुराला बाहेर यायला वाट नाही,’ ते म्हणाले आणि सवयीने खडू शोधू लागले. ‘हा इंजिनाकडून येणारा पाइप. हा सायलेन्सर. पाइपचं तोंड सायलेन्सरच्या गळ्यात चार बोटं शिरलेलं असतं, वरून पट्टा आवळलेला. सायलेन्सर आतून बुजलाय. तो उतरवायला हवा. पण चौदा वर्षांच्या गंजाने हा जोड एकजीव झालाय.’

‘मग?’

‘नाहीच सुटला तर कापायचा.’

‘कापू नका,’ बाई म्हणाल्या. आवाज चढला नाही, पण मास्तरांनी खडू खाली ठेवला. ‘वेळ लागला तर लागू दे. पण कापायचं नाही.’

बुधवारी मास्तर गाडीखालच्या खड्ड्यात उतरले. पाच पायऱ्या, दोन्ही बाजूंना काळवंडलेल्या भिंती, डोक्यावर गाडीचं पोट. तारेच्या ब्रशने त्यांनी जोडावरचा गंज खरवडला, पट्ट्याचे मोडके बोल्ट काढले, मागचे रबरी टांगणे सोडून सायलेन्सरखाली लोखंडी घोडी लावली. मग गंज सोडवणारं तेल जोडाच्या कडेने थेंब थेंब सोडलं. तेल आत शिरावं म्हणून हातोडीने हलके टोले मारायचे असतात, जोडाभोवती फिरत फिरत. डाव्या हाताने ते नीट जमत नव्हतं, म्हणून ते मोजून मारत होते. तीन टोले, मग थांबायचं. तीन टोले, मग थांबायचं.

चौथ्या फेरीत ते थांबले आणि चौथा टोला आला.

बारीक, पण स्पष्ट. आतून.

मास्तर घाबरणाऱ्यांतले नव्हते. सायलेन्सरच्या पोटात पडद्या असतात, एखादी सुटली असेल, हादऱ्याने हलली असेल. त्यांनी सायलेन्सर हलवून पाहिला. काही खुळखुळलं नाही. पुन्हा तीन टोले मारले. चौथा आला. मग त्यांनी दोनच मारले आणि वाट पाहिली. बराच वेळ काही नाही. आणि मग दोन आले, एकामागोमाग, थोडे चाचपडत. नवशिका मारतो तसे.

त्यांनी हातोडी पुसून ठेवली, जोडावर खडूची आडवी रेघ ओढली आणि घरी गेले. रेघ असली की जोड किती हलला ते दुसऱ्या दिवशी कळतं. त्यांनी स्वतःला समजावलं ते एवढंच.

गुरुवारी सकाळी रेघ तुटलेली होती. दोन तुकड्यांमध्ये दोऱ्याएवढी फट, आणि त्या फटीत चकचकीत, गंज न लागलेला धातू. रात्री शटरला कुलूप होतं. किल्ली एकच, ती त्यांच्या खिशात. मास्तरांना आधी आनंदच झाला. तेलाने काम केलं होतं. त्यांनी फट चाचपायला बोट लावलं आणि बोट तिथेच राहिलं.

जोड कोमट होता.

पुढचा पाइप गार होता. सायलेन्सर गार होता. इंजिन परवापासून सुरू केलेलं नव्हतं. मध्ये वीतभर जागा तेवढी कोमट, आणि त्या उबेत अगदी बारीक ठणका. अंगठ्याला स्वतःचीच नाडी लागते, हे त्यांना दवाखान्यात राहून माहीत झालं होतं. म्हणून त्यांनी बोटाचं उलटं पेर टेकवलं, आणि दुसरा हात स्वतःच्या मानेवर ठेवला. दोन्ही ठोके जुळत नव्हते. पाइपमधला दुप्पट वेगाने पळत होता.

दुपारी बायको डबा घेऊन आली. खड्ड्याच्या काठावर बसून तिने विचारलं, ‘काय म्हणतेय तुमची विद्यार्थिनी?’

‘खाली ये जरा. हात लाव इथे.’

ती गुडघे धरत, कुरकुरत उतरली. ‘उंदीर असेल बघा आत,’ म्हणाली. मग तिने तळहात जोडावर ठेवला. बराच वेळ ठेवला. मास्तर तिच्या तोंडाकडे बघत होते. तिचे ओठ आधी हसण्याच्या बेतात होते, ते तसेच राहिले आणि हळूहळू त्यातलं हसू निघून गेलं.

‘आता पुढे काय करणार होतात?’ तिने विचारलं.

‘गॅसची ज्योत लावून गळा तापवणार. बाहेरचा धातू फुगतो, मग जोड सुटतो. पेट्रोलची टाकी काढूनच ठेवलीय.’

‘ज्योत नका लावू.’

‘का?’

‘का ते मला नका विचारू. नका लावू एवढंच.’

तीस वर्षांच्या संसारात तिने त्यांच्या कामात कधी तोंड घातलं नव्हतं. मास्तरांनी गॅसचं नळकांडं कोपऱ्यात नेऊन ठेवलं. दोघं जेवायला बसली, पण डबा अर्धा तसाच परत गेला.

शुक्रवारी तीही त्यांच्याबरोबरच आली. घरी काम नाही, म्हणाली. मास्तर खड्ड्यात उतरले तेव्हा फट बोटभर झाली होती. ते बघत असतानाच सायलेन्सर घोडीवर सरकला. केसभर. कुरकुरला, ताणला, थांबला. कुणी आतून नेट लावावा आणि दमून सोडून द्यावा तसा.

त्यांनी घड्याळ पाहिलं. पुन्हा सरकला तेव्हा पुन्हा पाहिलं. खडूने भिंतीवर लिहिलं, अकरा मिनिटं. मग परत अकरा. मग दहा, मग नऊ. बाहेरून जड गाड्या जात नव्हत्या. फरशी सपाट होती, घोडी पक्की होती. उन्हाने पत्रा तापतो, धातू वाढतो, हे सगळं त्यांचं स्वतःला सांगून झालं. उन्हाने वाढलेला धातू असा थांबून थांबून वाढत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? भिंतीवर सात लिहिलं तेव्हा त्यांनी बायकोला फोन द्यायला सांगितलं आणि नर्सबाईंचा नंबर लावला.

‘बाई, जोड आज सुटेल असं दिसतंय. म्हणजे मी काही करत नाहीये. आपोआपच सरकतोय थोडाथोडा.’

‘किती किती वेळाने?’ बाईंनी विचारलं.

वेळेबद्दल ते एक अक्षरही बोलले नव्हते.

‘आता सात मिनिटं. सकाळी अकरा होती.’

‘निघाले मी. ओढू नका. काहीही झालं तरी ओढू नका.’

अर्ध्या तासात त्या आल्या. थेट नळाशी गेल्या, बाह्या वर केल्या आणि कोपरापर्यंत हात धुतले. साबण लावून, बोटांच्या बेचक्यांतून, पुन्हा एकदा. मास्तरांच्या बायकोकडे बघून म्हणाल्या, ‘स्वच्छ कापड आहे का? सुती. न वापरलेलं.’ डब्याभोवती गुंडाळायला आणलेला कोरा पंचा होता, तो बायकोने पुढे केला. बाई तो घेऊन पायऱ्या उतरल्या, भिंतीवरच्या आकड्यांवरून एकदा नजर फिरवली आणि जोडाखाली उकिडव्या बसल्या. वय सत्तरीपार, पण बसल्या त्या रोज बसणाऱ्या माणसासारख्या.

दोन जोरांच्या मधल्या वेळात त्या बोलल्या, ते एवढंच.

‘या गाडीत एकतीस मुलं जन्मली, मास्तर. दवाखान्याच्या वाटेवर. मागच्या सीटवर. एकतीसच्या एकतीस धडधाकट. बत्तिसाव्या खेपेला गाडी चढावर घुसमटली आणि बंद पडली. भर पावसात. मी काय करायचं ते सगळं केलं.’ त्यांनी पंचाची घडी उलगडली. ‘आई वाचली.’

वर बसलेल्या बायकोने तोंडावर हात ठेवला. सायलेन्सर पुन्हा कुरकुरला.

‘तीन मिनिटं,’ ते म्हणाले.

‘आता मोजू नका. घोडी काढा. सायलेन्सर हातावर घ्या. दोन्ही हात.’

‘उजव्यात जोर नाही, बाई.’

‘जोर नकोच आहे. जोर तिकडून आहे. तुम्ही फक्त आधार द्या.’

बायको खाली आली आणि तिने घोडी ओढून काढली. मास्तरांनी डावा हात सायलेन्सरच्या पोटाखाली घातला, उजवा उचलून गळ्याखाली ठेवला. अख्खा भार खांद्यावर आला. जोड आता कोमट नव्हता, गरम होता, तापातल्या कपाळासारखा. धातूवर बारीक घाम फुटला होता.

पुन्हा जोर आला.

गंजाची पापडी सुटून मास्तरांच्या मनगटावर पडली. फट दोन बोटं झाली.

‘थांबू दे,’ बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्या मास्तरांशी बोलत नव्हत्या. ‘दम घे. घाई नाही आपल्याला.’

जोर थांबला. पत्र्यावर कुठेतरी कबुतराची नखं वाजली.

पुन्हा आला.

तीन बोटं.

मास्तरांचा उजवा हात घसरायला लागला. त्यांना तो घसरताना दिसत होता, आणि तो आपला आहे असं वाटत नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. बोटांना सांगितलं, धरा.

बोटांनी धरलं.

‘आता,’ बाई म्हणाल्या.

धातू धातूवरून सरकल्याचा एक लांब, ओला आवाज झाला. सायलेन्सर मास्तरांच्या हातांवर अलगद आला, जसा काही कधी अडकलेलाच नव्हता.

पाइपच्या उघड्या तोंडातून गरम श्वासासारखा वारा आला आणि तिघांच्या तोंडावरून गेला. त्याला काजळीचा वास नव्हता, पेट्रोलचा नव्हता. दुधासारखा, किंचित आंबूस वास होता. मास्तरांची मुलगी आता सव्वीस वर्षांची होती, दुसऱ्या गावी नोकरी करत होती. तिला पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाचा तो वास त्यांनी तिथल्या तिथे ओळखला.

बाईंनी पंचा जोडाखाली धरलेला होता. त्यांनी तो चारी बाजूंनी दुमडला, एक टोक आत खोचलं, आणि कोपराच्या बेचक्यात घेतला. मास्तर हातभर अंतरावर उभे होते. त्यांनी नीट पाहिलं होतं. पंचात काहीही नव्हतं.

बाई खड्ड्याच्या पायऱ्या चढल्या. भिंतीला हात न लावता, कारण दुसरा हात त्यांनी पंचावर धरला होता. गाडीचं मागचं दार उघडून त्या आत बसल्या. बायकोने जाऊन दार लावलं. अगदी हळू, आवाज होऊ न देता.

पुढचं काम नेहमीचं होतं. मास्तरांनी सायलेन्सर बाहेर नेऊन उभा केला, ठोकला, पाणी सोडलं. चौदा वर्षांपूर्वीचा चिखल ढेकळांनी बाहेर आला. त्यांनी जोडाची दोन्ही तोंडं घासून लख्ख केली, नवा पट्टा आवळला, टाकी बसवली. आवळताना त्यांच्या लक्षात आलं की पाना उजव्या हातात आहे. तो तिथे कधी आला ते त्यांना सांगता आलं नसतं. बायकोनेही पाहिलं. तिने उठून शटर पूर्ण वर केलं.

इंजिन पहिल्याच झटक्याला लागलं. बाई गाडी घेऊन गेल्या त्या सावकाश, प्रत्येक खड्डा चुकवत.

हे झालं त्याला आता वर्ष होऊन गेलंय. जागा सोडायचा विषय पुन्हा निघाला नाही. मास्तरांच्या गॅरेजात एका वेळी तीन-तीन गाड्या असतात, आणि आकृत्या पुन्हा उजव्या हाताने काढल्या जातात. रेघा थोड्या वाकड्या येतात, पण गिऱ्हाइकांना कळतं. नर्सबाई बहिणीकडे गेल्या नाहीत. घरातली मागची खोली त्यांनी पिवळ्या रंगाने रंगवून घेतली असं कुणीतरी सांगितलं. वाण्याकडे, बाजारात, नदीकाठी त्यांची हिरवी गाडी दिसते. पूर्वी ज्या बाईला कुणी हसताना पाहिलं नव्हतं, ती आता सिग्नलला थांबली की मागे वळून काहीतरी बोलते आणि हसते.

दर तीन महिन्यांनी त्या तेल बदलायला येतात. गॅरेजातल्या बाकावर बसून मास्तरांच्या बायकोशी गप्पा मारतात, दोघी झोपेबद्दल बोलतात, दातांबद्दल बोलतात. पंचाबद्दल कुणी काही विचारत नाही. मास्तर गाडीखाली जातात, जोड बघतात. तो पक्का असतो, आणि बाकीच्या धातूइतकाच गार.

परवा काम संपवून त्यांनी किल्ली परत दिली. बाई निघाल्या आणि दारातून मागे आल्या.

‘एक राहिलंच, मास्तर. मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल तेवढं काढून द्या. चालत्या गाडीत भीती वाटते. हात पोचायला लागलाय आता.’

मास्तरांनी मान हलवली आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन मागच्या सीटवर वाकले. बाहेर ऊन होतं, काचा गरम होत्या. दोन स्क्रू काढले, हँडल निघालं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि हात विजारीला पुसला.

हँडल ओलं होतं, आणि टोकाला चार बारीक दात उमटलेले होते.